दूधाधारी मठ आणि डोंगरातला गोरस

रायपूर शहराच्या जुन्या भागाला ‘पुरानी बस्ती’ असेच नाव आहे. एखाद्या वस्तीला तिचे वय हेच नाव म्हणून चिकटावे यात त्या शहराच्या इतिहासाची साक्ष आहे. रतनपूरच्या कलचुरी घराण्याची एक शाखा या भागात येऊन स्थिरावली आणि तिच्या कारकिर्दीत रायपूर वाढीस लागले. राजा ब्रह्मदेव याच्या काळातील, इ. स. १४०२ च्या सुमाराचा एक शिलालेख या नगरीच्या प्राचीनत्वाची खूण म्हणून दाखविला जातो. बुढा तलाव आणि महाराजबंध या दोन जलाशयांच्या आसऱ्याने जुना किल्ला उभा होता. किल्ला काळाच्या ओघात नाहीसा झाला. परंतु महामायेचे देऊळ, मठ, आखाडे आणि अरुंद गल्ल्या यांनी पुरानी बस्तीचे जुनेपण राखून ठेवले. याच वस्तीला लागून, महाराजबंधाच्या बाजूला, दूधाधारी मठ आहे.

मठाच्या नावाची कथा रायपुरात आबालवृद्धांस ठाऊक आहे. महंत बलभद्रदास नावाचे एक वैष्णव साधू येथे राहत. ते अन्न सेवन करीत नसत. केवळ दुधावर देह धारण करीत. म्हणून लोक त्यांना दूधाधारी म्हणू लागले आणि मठालाही तेच नाव पडले. सुरही नावाची एक गाय मारुतीच्या मूर्तीवर आपणहून दूध सोडी आणि महंत तेच दूध घेत, असे परंपरा सांगते. मंदिराच्या बांधणीत सिरपूरच्या प्राचीन अवशेषांतील दगड वापरले गेले आहेत, आणि मठाच्या उभारणीस नागपूरकर भोसल्यांचा आश्रय लाभला, अशीही परंपरा आहे. भोसल्यांचा या प्रदेशाशी संबंध १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने सुरू झाला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदार आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. या शंभरेक वर्षांत कित्येक मराठी घराणी छत्तीसगढात येऊन राहिली आणि येथलीच झाली.

एखादा माणूस केवळ दुधावर राहतो, ही गोष्ट भाविकाला चमत्कारासारखी वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात एक निराळाच प्रश्न दिसतो. रोजच्या रोज, ताजे, पुरेसे दूध मिळणे हे त्या काळी कोणाला शक्य होते? मठाला गावे होती, गोशाळा होती, जवळ तळे होते आणि सभोवती चराऊ माळ होता. गाय दाराशी आणि पिणाराही दाराशी, अशी ती स्थिती होती. याउलट, दक्षिणेकडे महानदीच्या उगमाजवळ सिहावा-नगरीच्या डोंगरात ज्यांच्या दावणीला गायी होत्या, त्यांना दुधावर राहणे तर सोडाच, दूध विकून चार पैसे जोडणेही साधत नव्हते. गोरस ज्याच्या घरी निपजतो त्याला तो विकता येऊ नये, असे का व्हावे? या एका प्रश्नाच्या उत्तरात डोंगरातील लहान गोपालकाचा सारा आर्थिक इतिहास सामावलेला आहे.

प्रथम गायीकडेच पाहणे योग्य होईल. छत्तीसगढच्या मैदानात आढळणारी देशी गाय आज कोसली या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. दक्षिण कोसल हे या प्रदेशाचे प्राचीन नाव. त्यावरूनच ती कोसली. ही गाय अंगाने लहान, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर निभावणारी असते. वासराचा वाटा सोडला तर दिवसाला एखादा शेर दूध हाती येते. गुजरातच्या गीर गायीशी तिची तुलना केली म्हणजे ती दरिद्री वाटते. परंतु ती तुलना मुळातच चुकीची आहे. भाताच्या चिखलात चालणारा हलका, चपळ बैल निपजविणे हे या गायीचे खरे काम होते. तिचे शेण खत आणि इंधन म्हणून उपयोगी पडे. दूध हे तिचे चौथ्या क्रमांकाचे उत्पन्न होते, पहिल्या नव्हे.

बस्तरच्या अरण्यात तर याहून पुढची पायरी दिसते. तेथील माडिया आणि इतर आदिवासी समाजांत गायीचे दूध काढण्याची चाल पूर्वी नव्हती. दूध वासराचे, अशी त्यांची समजूत होती. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे अडाणीपणाचे वाटे. वस्तुतः त्यामागे व्यवहारही होता. ज्या गायीचे दूध मुळातच थोडे, तिचे ते थोडे दूध माणसाने काढले तर वासरू खुरटते. आणि वासरू खुरटले की पुढचा बैल गेला. दोन घोट दुधासाठी नांगर गमावण्याचा सौदा त्यांनी केला नाही, इतकाच याचा अर्थ.

मैदानातील गावांत गुरे राखण्याचे काम राउतांकडे असे. राउत किंवा रावत हे छत्तीसगढातील अहीर, म्हणजे गवळी. पहाटे घरोघरची जनावरे सोडून ती दइहानात, म्हणजे गावाच्या गुरे जमण्याच्या जागी, गोळा करावयाची, दिवसभर रानात चारावयाची आणि तिन्हीसांजेला ज्याची त्याला पोचवावयाची, असा त्याचा दिनक्रम. याबद्दल त्याला वर्षाकाठी ठरलेले धान मिळे; शिवाय दुभत्या जनावराचे एका ठरलेल्या दिवसाचे दूध त्याचे असे. दिवाळीत राउत गायीच्या गळ्यात पळसाच्या मुळांच्या तंतूंची गुंफलेली सोहई बांधतो आणि धन्याकडून धान्य व मान घेतो. देवउठनी एकादशीपासून त्यांचा नाच सुरू होतो. हा केवळ सण नव्हता. वर्षभराच्या एका कराराचे ते सार्वजनिक नूतनीकरण होते. या साऱ्या व्यवहारात नाण्याला फारसे स्थान नव्हते. दुधाला बाजारभाव नव्हता, कारण दूध बाजारात जातच नव्हते.

ते का जात नव्हते याचे उत्तर एका जर्मन जमीनदाराने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. योहान हाइन्रिख फॉन थ्यूनेन याने १८२६ साली ‘एकाकी राज्य’ या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादे एकच शहर आहे आणि सभोवती सारखीच सपाट जमीन आहे, अशी त्याने कल्पना केली आणि कोणते उत्पन्न शहरापासून किती अंतरावर निघेल, याचा हिशेब मांडला. त्याच्या हिशेबाने दूध आणि भाजीपाला अगदी शहराजवळ निघावा, कारण तो नासतो, धान्य त्यापलीकडे, आणि सर्वांत दूरच्या वर्तुळात गुरांचे कळप, कारण जनावर स्वतःच्या पायांनी बाजारात येते. लोणी व तूप यांसारखे, वजनाला थोडे आणि किमतीला मोठे असलेले पदार्थ दुरूनही परवडतात. थ्यूनेनने रायपूर कधी ऐकलेही नसेल. परंतु पुरानी बस्ती हे केंद्र मानून वर्तुळे काढली तर त्याचा सिद्धांत येथे हुबेहूब उतरलेला दिसतो. मठाच्या आणि तळ्यांच्या आसपास दूध, मैदानातील गावांत धान, सिहावाच्या डोंगरात तूप, आणि त्याहून पलीकडे केवळ पायांनी चालत येणारी गुरे.

आता डोंगरातल्या एका कुटुंबाचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहावा. समजा, नगरीच्या बाजूला एका घरी सहा गायी आहेत. एका वेळी त्यांतल्या दोन किंवा तीन दुभत्या असणार. दिवसाकाठी दोन-अडीच शेर दूध निघेल. त्यातले निम्मे घरच्या मुलाबाळांसाठी ठेवले तर शेर-सव्वाशेर उरेल. धमतरी तेथून साठ-पासष्ट किलोमीटर. बैलगाडीने दोन दिवसांची वाट. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दूध काही तासांत फाटते. तेव्हा ते विरजणे, घुसळणे आणि कढविणे हाच एक मार्ग. गायीच्या दुधात स्निग्धांश शेकडा चार-साडेचार असतो. म्हणजे शंभर शेर दुधापासून फार तर चार-साडेचार शेर तूप. या हिशेबाने त्या कुटुंबाकडे महिन्याला एक-दीड शेर तूप विक्रीला जमणार. सहा गायींच्या मागे हिंडणारे एक माणूस, घुसळणारी एक बाई आणि कढविण्यास लागणारे लाकूड, इतक्याचे हे फळ.

हा धंदा तरीही शतकानुशतके चालला. त्याचे कारण असे की, त्याचे तीन मोठे खर्च पैशात मोजलेच जात नव्हते. गवत रानाचे होते, लाकूड रानाचे होते आणि श्रम घरचे होते. शिवाय एक लाभही पैशात मोजला जात नव्हता, तो म्हणजे ताक. तूप बाजारात गेले तरी ताक घरीच राहत असे. दुधातील पुष्टीचा बराचसा अंश त्या ताकात उतरतो. डोंगरातल्या गरिबाच्या पेजेला आणि भाताला त्याने चव दिली आणि बळही दिले. तूप हे धन्याचे आणि व्यापाऱ्याचे, ताक मुलांचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला स्थान नाही अशा या ताकावर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या.

डोंगरातील चराईचे महत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांसही कळत होते. सरगुजा संस्थानातील मैनपाटाचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंच आहे. उन्हाळ्यात मैदाने भाजून निघत तेव्हा मिर्झापूर आणि बिहारकडचे कळप या पठारावर चरावयास येत आणि संस्थान त्यांच्यापासून चराईचा कर घेई, असे जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. मैकल पर्वताच्या रांगांकडेही सखल भागातील गुरे उन्हाळ्यात नेली जात. म्हणजे डोंगर हा गोपालकांचा राखीव साठा होता. मैदानात दुष्काळ पडला की डोंगरातले गवत गुरांना वाचवी, आणि गुरे वाचली की पुढच्या पावसाळ्यात नांगर चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांत छत्तीसगढाची जी हानी झाली तीत माणसांबरोबर गुरांचाही फार मोठा संहार झाला. गवताची किंमत काय असते हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु याच सुमारास गवताची मालकी बदलत होती. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारला अरण्ये राखीव करण्याचा व्यापक अधिकार दिला. रेल्वेसाठी स्लीपर हवे होते आणि सिहावाच्या बाजूला सालवृक्षांची घनदाट वने होती. १९०० च्या सुमारास रायपूर-धमतरी ही लहान रुळांची आगगाडी सुरू झाली आणि ते लाकूड मैदानात उतरू लागले. सालाचे रोप वाढावयाचे तर गुरांचे तोंड त्याला लागता कामा नये, हे वनाधिकाऱ्यांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खोटे नव्हते. तथापि ज्या रानातून एकाचे लाकूड निघत होते त्याच रानातून दुसऱ्याचे तूप निघत होते. लाकडाचा हिशेब सरकारी वहीत लिहिला गेला. तुपाचा कोणत्याच वहीत नव्हता. डॉ. व्होएल्कर या कृषिरसायनज्ञाने हिंदुस्थानच्या शेतीवर १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात शेतकऱ्याच्या गरजेसाठी सरपण आणि वैरण यांची स्वतंत्र राखीव राने असावीत, अशी सूचना केली होती. १८९४ च्या वनधोरणात त्या विचाराचा स्वीकारही दिसतो. पण धोरणाच्या कागदापासून सिहावाच्या पायवाटेपर्यंतचे अंतर लांब होते. तेथे गुराख्याला भेटत असे तो पावतीबुक घेतलेला नाकेदार.

दुसरीकडे १८७१ चा गुरे कोंडण्याचा कायदा होता. राखीव रानात शिरलेले जनावर काँजी हाऊसात, म्हणजे मराठी मुलखात ज्याला कोंडवाडा म्हणतात तेथे, नेले जाई. सोडवून आणण्यास दंड आणि वैरणीचा खर्च भरावा लागे. न भरल्यास जनावराचा लिलाव होई. ज्याच्या घरी महिन्याकाठी दीड शेर तूप निघते त्याला दोन-चार गायींचा दंड भरावयाचा म्हणजे महिन्या-दोन महिन्यांची सारी मेहनत घालवावी लागे. कायदा सर्वांस सारखाच होता. पण पाचशे गुरांच्या मालकाला तो खर्चाची एक बाब होता आणि सहा गायींच्या मालकाला तो धंद्याचा शेवट होता.

या पार्श्वभूमीवर छत्तीसगढच्या स्वातंत्र्यलढ्यातील काही घटना पाहिल्या तर त्यांचा निराळाच अर्थ ध्यानात येतो. १९२० साली धमतरी तहसिलीतील कंडेल गावी कालव्याच्या पाण्यावरून संघर्ष झाला. शेतकऱ्यांनी पाण्यासाठी दीर्घ मुदतीचा करार करावा असा सरकारचा आग्रह होता. तो त्यांनी मानला नाही. तेव्हा पाणी चोरल्याचा आरोप ठेवून साऱ्या गावावर दंड बसविण्यात आला आणि वसुलीसाठी गुरे जप्त झाली. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि बाबू छोटेलाल श्रीवास्तव हे या सत्याग्रहाचे पुढारी. जप्त केलेली गुरे लिलावासाठी बाजाराबाजारांतून फिरविण्यात आली. पण बोली बोलण्यास कोणीही पुढे आला नाही. आपल्या शेजाऱ्याची गाय स्वस्तात मिळत असताना ती घ्यावयाची नाही, हा त्या गरीब शेतकऱ्यांचा निर्धार होता. गुरे मात्र उपासमारीने खंगली. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली आणि दंड रद्द झाला. बाजारभाव नावाची गोष्ट माणसांच्या संमतीवाचून उभी राहत नाही, हे कंडेलने दाखवून दिले.

१९२२ साली सिहावाच्या रानात लोकांनी परवान्यावाचून लाकूड तोडून जंगल सत्याग्रह केला. पुढे १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात असताना, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या भागात लोकांपुढे मिठागर नव्हते; रान होते. गट्टासिल्ली येथे राखीव रानात शिरलेली शेकडो गुरे काँजी हाऊसात कोंडण्यात आली आणि ती सोडविण्यासाठी सत्याग्रह झाला. रुद्री-नवागाव येथे सत्याग्रह्यांनी राखीव रानातील गवत कापले. तेथे पोलिसांनी गोळीबारही केला. महासमुंदकडे तमोरा येथेही असाच लढा झाला. धमतरीच्या या चळवळीत नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही मराठी नावे पुढाऱ्यांत आढळतात. त्याच वर्षी, १० जुलै रोजी, वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह आरंभिला होता. मूठभर मिठाचे प्रतीक साऱ्या जगाने ओळखले. मूठभर गवताचे प्रतीक तितके ओळखले गेले नाही. वास्तविक मीठ माणसाच्या ताटात जाते, तसे गवत त्याच्या गायीच्या मुखात जाते आणि तेथून दूध, शेण आणि बैल होऊन त्याच्या घरी येते. सिहावाचा गोपालक आपले भांडवल मागत होता.

ही कहाणी केवळ छत्तीसगढची नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसाच्या प्रदेशात, गवळी-धनगरांची विखुरलेली वस्ती होती. ते म्हशी व गायी पाळीत, लोणी काढीत, तूप कढवीत आणि घाटाखाली अगर देशावर जाऊन त्याच्या मोबदल्यात धान्य आणीत. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९८२ साली या समाजाच्या जीवनाचा परिसरशास्त्राच्या दृष्टीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतही राखीव रानांची कुंपणे आली, झाडोरा विरळ झाला, काही ठिकाणी धरणांच्या पाण्याने खोरी बुडाली आणि अनेक कुटुंबांना धनगरवाडे सोडून मजुरीसाठी खाली उतरावे लागले. दोन डोंगर एकमेकांपासून आठशे-हजार किलोमीटर दूर. समाज निराळे, भाषा निराळ्या. परंतु गणित एकच. रान गेले की तूप गेले.

मग डोंगरातील दुधाला बाजार मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता काय? युरोपात तो सापडला होता. आल्प्स आणि ज्युरा पर्वतांतील गोपालकांनी मध्ययुगापासून आपले दूध एकत्र करून त्याची मोठी चीज बनविण्याची प्रथा पाडली होती. एका घरच्या दुधात जी चीज होत नाही ती साऱ्या गावच्या दुधात होते. ती महिनोन्‌महिने टिकते आणि डोंगराबाहेर दूरच्या बाजारात जाते. अंतराची अडचण त्यांनी एकत्र येऊन जिंकली. तेथील थंड हवा हे त्यांचे अर्धे भांडवल होते, हेही खरे. भारतात हाच सहकाराचा मार्ग १९४६ साली खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाने दाखविला. १९५५ साली आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी तयार होऊ लागली आणि १९७० पासून दुग्धमहापूर योजनेने तो नमुना देशभर नेला. कोल्हापुरात १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील दूध रस्त्याने शहरात पोचू लागले. थ्यूनेनच्या वर्तुळांना रस्ता आणि शीतकरण केंद्र या दोन गोष्टींनी ओढून लांब केले, असे म्हणता येईल.

छत्तीसगढातही सहकारी दूध महासंघ निघाला आणि देवभोग या नावाने दूध शहरांतून विकले जाऊ लागले. १९५९ साली भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली. त्यानंतर रायपूर-दुर्ग पट्ट्यात पगारी माणसांची वस्ती वाढली आणि दुधाला रोख गिऱ्हाईक मिळाले. परंतु त्या मागणीचा लाभ मुख्यतः शहराजवळच्या मैदानी गोठ्यांना झाला. डोंगराच्या वाट्याला तो बेताचाच आला, आणि याचेही कारण हिशेबातच सापडते. मोठ्या दूध संघाला एका ठिकाणी बरेच दूध हवे असते. दहा वाड्यांवरून पाच-पाच लिटर गोळा करणारी मोटार तेलाचा खर्चही काढू शकत नाही. दूध वाढवावयाचे तर संकरित गाय आणावी लागते. ती रानच्या गवतावर भागत नाही. तिला पेंड लागते, औषधे लागतात, सावली लागते. पेंड मैदानातून येते. म्हणजे दूध खाली उतरते आणि पेंड वर चढते. दोन्ही वेळचे भाडे डोंगरातल्या माणसाच्याच माथी. आणि ज्या दिवशी घरचे सारे दूध बरणीत भरून रस्त्यावर जाते, त्या दिवसापासून घरी ताकही उरत नाही. रोख रक्कम हाती आली तरी मुलांच्या ताटातील पांढरे नाहीसे झाले, तर लाभ कोणता आणि तोटा कोणता, हे प्रत्येक घराने ताळा करूनच ठरवावे लागते.

याच काळात दुसराही बदल घडला. जमीनदारी आणि मालगुजारी १९५१ मध्ये नष्ट झाली आणि गावांची सामायिक राने सरकारकडे आली. निस्ताराचे, म्हणजे रानाच्या घरगुती वापराचे, हक्क कागदावर राहिले. चराऊ जमिनी मात्र शेतीखाली आणि वस्तीखाली जाऊ लागल्या. १९७० च्या दशकात धमतरीजवळ गंगरेलचे मोठे धरण बांधले गेले. मैदानाला पाणी मिळाले, पण नदीकाठची अनेक गावे आणि त्यांची कुरणे पाण्याखाली गेली. पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाची गरज ओसरली. कोसली गायीचे पहिल्या क्रमांकाचे उत्पन्नच त्यामुळे नाहीसे झाले. नांगराला बैल नको, तर गोऱ्हा कशाला पोसावयाचा? मोकाट गुरांचा प्रश्न यातूनच उद्भवला. राउताला देण्याचे धान थांबले, आणि दइहानात गुरे जमण्याऐवजी सडकेवर जमू लागली.

या प्रश्नावर छत्तीसगढ सरकारने २० जुलै २०२० रोजी, हरेली सणाच्या दिवशी, एक अभिनव उपाय सुरू केला. गोधन न्याय योजनेखाली पशुपालकांकडून किलोला दोन रुपये या दराने शेण विकत घेऊन गौठानात त्याचे खत करावयाचे, अशी ती योजना होती. २०२३ च्या अखेरीस सत्तांतर झाल्यानंतर ती मागे पडली. तिच्या यशापयशाबद्दल मतभेद आहेत. परंतु तिच्यामागील एक विचार दखल घेण्याजोगा होता. देशी गायीची किंमत केवळ दुधाच्या मापाने करू नये, तिच्या सर्व उत्पन्नांची बेरीज करावी, ही गोष्ट डोंगरातल्या गोपालकाला पूर्वापार माहीत होती. ती सरकारी दरपत्रकात प्रथमच लिहिली गेली.

लहान गोपालकाला मदत करावयाची म्हणजे त्याला अधिक दूध देणारी गाय द्यावयाची, असा समज फार रूढ आहे. छत्तीसगढचा इतिहास याहून निराळे सांगतो. डोंगरातील गोपालन कधी दुधावर उभे नव्हते. ते गवतावर उभे होते. गवत मोकळे होते तोवर शेरभर दूध देणारी गायही परवडत होती. गवताला पावती लागली तेव्हा तीच गाय ओझे झाली. म्हणून गायीची जात सुधारण्याच्या आधी कुरण राखणे, कुरणाचा हक्क गावाकडे देणे आणि नासणाऱ्या वस्तूपासून टिकणारी वस्तू गावातच बनविण्याची सोय करणे, हा क्रम उचित ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांचा सामूहिक चराईचा हक्क मान्य केला आहे. गट्टासिल्लीच्या काँजी हाऊसापुढे जमलेल्या माणसांची मागणी शहात्तर वर्षांनी कायद्याच्या भाषेत आली. ती रानातल्या व्यवहारात किती उतरते, यावर या धंद्याचे भवितव्य अवलंबून आहे.

पुरानी बस्तीतील दूधाधारी मठ आजही उभा आहे. मठाच्या महंतांनी विद्येसाठीही मोठे दान केले. १९५८ साली रायपुरात स्थापन झालेल्या मुलींच्या महाविद्यालयाला दूधाधारी हे नाव आहे. केवळ दुधावर राहिलेल्या एका साधूचे नाव अशा रीतीने शहराच्या जीवनात मुरून गेले. त्याच्या कथेत गाय आहे, देव आहे, साधू आहे. त्या गायीला पहाटे सोडून माळावर नेणारा आणि तिन्हीसांजेला परत आणणारा राउत मात्र कथेत नाही. तो गृहीत धरलेला आहे, जसे गवत गृहीत धरलेले होते. कथेला ते शोभते. अर्थशास्त्राने मात्र राउत आणि गवत या दोघांचीही नोंद आपल्या वहीच्या पहिल्या पानावर केली पाहिजे.